ओली गाडी, सात मात्रा: पीटर गेब्रिएलचा पहिला एकट्याचा अल्बम

घोळ खरेदीपासूनच सुरू होतो, म्हणून आधी तेच सांगतो. जेनेसिस हा बँड सोडल्यावर इंग्लिश रॉक गायक पीटर गेब्रिएलने जे पहिले चार अल्बम काढले, त्या चारही अल्बमांचं नाव एकच: 'पीटर गेब्रिएल'. साल १९७७, १९७८, १९८० आणि १९८२. मासिकाचं नाव तेच राहावं आणि दर अंकाला चित्र तेवढं बदलावं, असा त्याचा हिशेब होता. चौथ्याला अमेरिकेत 'सिक्युरिटी' हे नाव चिकटवलं गेलं, बाकीच्यांना चाहत्यांनी कव्हरवरून टोपणनावं दिली: 'कार', 'स्क्रॅच', 'मेल्ट'. शिवाय तिसरा आणि चौथा अल्बम त्याने जर्मन भाषेतही गाऊन काढला. म्हणजे ऑनलाइन नुसतं नाव टाकून मागवलं तर भलतीच रेकॉर्ड घरी यायची, आणि ती जर्मनमध्ये गायला लागली तर दोष कुणाला द्यायचा?

इथे बोलतोय तो १९७७ चा, 'कार'. ओळखायची खूण सोपी आहे. निळ्या गाडीचं थेंबांनी डवरलेलं बॉनेट आणि काचेआड पुढच्या सीटवर बसलेला, चेहरा जेमतेम दिसणारा माणूस. गाडी लान्सिया फ्लाव्हिया, कव्हर करणाऱ्या हिपनोसिस या मंडळींपैकी स्टॉर्म थॉर्गरसनची. फोटो मूळचा कृष्णधवल, रंग नंतर हाताने भरलेला, थेंबांची चमक खरवडून आणखी उठवलेली. मोठ्या आकाराच्या कव्हरवर हे काम जवळून बघावं. मोबाइलच्या पडद्यावर त्यातलं काहीच कळत नाही. मागे नऊ गाण्यांची यादी असेल आणि दुसरं गाणं 'सॉल्सबरी हिल' असेल, तर बरोबर वस्तू हाती आली आहे.

पाचपैकी साडेतीन तारे. त्यातले दोन एकट्या 'सॉल्सबरी हिल'चे.

आता मागची गोष्ट थोडक्यात. जेनेसिस हा इंग्लंडमधल्या चार्टरहाउस शाळेतल्या पोरांनी १९६७ मध्ये सुरू केलेला बँड. लांबच लांब गाणी, गुंतागुंतीचे ताल, आणि पुढे उभा गेब्रिएल: कधी कोल्ह्याचं मुंडकं आणि अंगात बाईचा लाल झगा, कधी अंगभर गळवं आलेला राक्षस. 'द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे' या दोन रेकॉर्डच्या अल्बमाचा दौरा मे १९७५ मध्ये फ्रान्समध्ये संपला, ऑगस्टमध्ये त्याने बँड सोडल्याचं जाहीर झालं. बँड बुडेल असं पुष्कळांना वाटलं होतं. झालं उलटंच. मागे ड्रम वाजवणारा फिल कॉलिन्स पुढे येऊन गायला लागला आणि १९७६ च्या 'अ ट्रिक ऑफ द टेल'ने ब्रिटनच्या यादीत तिसरा नंबर गाठला. 'लॅम्ब' दहाव्यावर थांबला होता. सोडून गेलेल्या माणसाला ही बातमी कशी लागली असेल, ते सांगायला नको.

अशा वेळी त्याने निर्माता निवडला बॉब एझरिन. ॲलिस कूपर, किस, लू रीड यांचे अल्बम करणारा, कॅनडाचा, सगळं भव्य करून सोडणारा माणूस. पुढे १९७९ मध्ये पिंक फ्लॉइडच्या 'द वॉल'मध्येही हाच होता. ध्वनिमुद्रण मुख्यतः टोरांटोत, १९७६-७७ मध्ये. काही काम लंडनमध्ये. वादक बहुतेक एझरिनच्या हाताखालचे. गिटारवर स्टीव्ह हंटर आणि डिक वॅग्नर, ही जोडी लू रीड आणि ॲलिस कूपरकडे वाजवून आलेली. ड्रमवर ॲलन श्वार्ट्सबर्ग, सिंथेसायझरवर लॅरी फास्ट. गेब्रिएलच्या बाजूने आला रॉबर्ट फ्रिप. किंग क्रिमसन हा आपला बँड बंद करून दोन वर्षं झालेला हा गंभीर गृहस्थ इथे चक्क बँजोही वाजवतो. आणि बासवर टोनी लेव्हिन. हा माणूस या अल्बमापासून गेब्रिएलला चिकटला तो कायमचा. पुढे फ्रिपनेही त्याला उचललं आणि १९८१ च्या किंग क्रिमसनमध्ये घेतलं. नुसता बास ऐकण्यासाठी एकदा हा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत लावावा. मात्र खिशात मावणाऱ्या ब्लूटूथ स्पीकरवर लेव्हिन ऐकू येत नाही. तारेचा साधा हेडफोन परवडला.

अडचण अशी की कोल्ह्याचं मुंडकं काढून ठेवलेल्या गायकाला एझरिनने नऊ गाण्यांसाठी नऊ नवे वेष शिवले. पहिलं गाणं 'मॉरिबंड द बर्गरमायस्टर' मध्ययुगीन गावाचं: लोकांना नाचाचं वेड लागलंय आणि नगरप्रमुख हतबल होऊन बघतोय. हे गाणं जेनेसिसमध्ये सहज खपलं असतं. दारातून बाहेर पडता पडता माणसाने मागे वळून एकदा हाक मारावी, तसं ते पहिलंच ठेवलंय. तिसरं 'मॉडर्न लव्ह' हे सरळ अमेरिकन धाटणीचं रॉक, चौथं 'एक्सक्यूज मी' बार्बरशॉप चौकडीसारखं, म्हणजे चार गळ्यांनी वाद्यांशिवाय गायल्यासारखं सुरू होतं आणि मग त्यात लेव्हिनचा ट्यूबा भोंगा वाजवत येतो. एकदा गंमत वाटते. तिसऱ्यांदा हात पुढचं गाणं लावायला जातो.

'सॉल्सबरी हिल' मात्र वेगळ्याच मातीचं. बाथ शहराजवळची ही टेकडी खरीच आहे, वर लोहयुगातल्या गढीचे अवशेष आहेत. बँड सोडण्याबद्दलचंच हे गाणं, पण त्यात कुणावर राग नाही, रडारड नाही. साथीला हंटरची अकूस्टिक गिटार, वरून बासरीसारखी एक धून, आणि गाणारा माणूस पहिल्यांदाच कुठलाही मुखवटा न घालता गातो. ब्रिटनमध्ये ते तेराव्या नंबरपर्यंत गेलं. अल्बम सातव्यापर्यंत, अमेरिकेत अडतिसाव्यापर्यंत.

गाण्याचं मर्म तालात आहे. ताल ७/४, म्हणजे सात मात्रांचं आवर्तन. बडोद्यातल्या मराठी घरात हे समजावून सांगायला परदेशी पुस्तक लागत नाही. मौलाबक्षांनी १८८६ मध्ये सयाजीरावांच्या आश्रयाने सुरू केलेली गायनशाळा आज सूरसागरच्या काठावर विद्यापीठाचा विभाग म्हणून उभी आहे, आणि दांडिया बाजारातल्या कितीतरी पोरांनी तबल्याचे पहिले बोल तिथेच गिरवले. तर रूपक आठवा: तीं तीं ना, धीं ना, धीं ना. तीन-दोन-दोन. सात मात्रांची ओळख आहेच. पण रूपकाचा ठेका या गाण्यावर चढवायला जाल तर अडखळाल. रूपकात समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, खाली (जोर नसलेली जागा) आहे; इथे पहिली मात्रा पाय रोवून येते, आणि मोजताना चार अधिक तीन अशी विभागणी जास्त सोयीची पडते. खालचा पायड्रमचा ठोका मात्र दर मात्रेवर सारखा पडत राहतो, कुठेच तोडून दाखवत नाही. म्हणून पहिल्यांदा ऐकणाऱ्याला सात जाणवतच नाहीत, फक्त दर ओळीला कुणीतरी अर्धं पाऊल आधीच पुढे ढकलतंय असं वाटतं. टेकडी चढतानाची धाप म्हणतात ती हीच.

गरब्यावर पोसलेल्या पायांची तर इथे पुरती फजिती. हींच सहाचा, केरवा आठचा. दोन्हींत टाळी कुठे पडणार ते शरीराला ठाऊक असतं. या गाण्यावर तीन टाळ्यांचा गरबा धरून बघा, दुसऱ्या फेरीलाच हात हवेत राहतो.

मोजायची पद्धत अशी. आधी गिटार, आवाज सगळं विसरून फक्त पायड्रम धरा आणि बोटांनी एक ते सात मोजा. वेग मिनिटाला शंभराच्या आसपास, म्हणजे एक आवर्तन साधारण चार सेकंदांचं. पाच-सहा आवर्तनं नीट जुळली की मग शब्दांकडे कान द्या. ओळ आवर्तनात कशी बसवली आहे ते आपोआप दिसतं. बहुतेकांची चूक एकच असते: सातव्या मात्रेनंतर थोडा श्वास घ्यावा म्हणून नकळत आठवी मात्रा घालतात. आणि ज्यांना सात पक्के बसलेत ते पुढे दुसरीकडे आपटतात, कारण प्रत्येक ध्रुवपदाच्या शेवटी दोन आवर्तनं चार-चार मात्रांची आहेत. तिथे सात मोजत राहिलात तर पुढचं कडवं तुम्हाला मागे टाकून निघून जातं. मला विचाराल तर सगळ्या गाण्यात सुंदर जागा तीच: इतका वेळ पुढे ढकलला जाणारा माणूस दोन आवर्तनं सपाटीवर चालतो आणि पुन्हा चढणीला लागतो.

गिटार शिकणाऱ्यांसाठी: गाणं बी मेजरमध्ये आहे. कॅपो दुसऱ्या फ्रेटवर लावून मोकळ्या ए मेजरच्या बोटांनी वाजवा. अंगठा जाड तारांवर एक सोडून एक असा ठोका धरतो आणि बारीक तारांवर बोटं धून काढतात. पट्टीने खसाखसा वाजवण्याचं हे गाणं नव्हे. आधी नुसता अंगठा सात मात्रा चालवायला शिका, बोटं नंतर. बारा तारांची गिटार असेल तर कॅपो लावल्यावर पुन्हा सुरात मिळवा. कॅपोचा दाब जाड आणि बारीक तारेवर सारखा पडत नाही, त्यामुळे जोडीतली एखादी तार चढते आणि मग सगळं वाद्य किंचित आंबट बोलतं.

बाकीच्या गाण्यांपैकी 'हमड्रम' जपून ठेवण्यासारखं. साडेतीन मिनिटांतच ते इलेक्ट्रिक पियानोवर अगदी हळू सुरू होतं, मध्येच लॅटिन अमेरिकी चालीवर डुलतं आणि शेवटी सिंथेसायझरच्या लाटेवर उचललं जातं. गेब्रिएल पुढे दहा वर्षांनी जो झाला त्याची चाहूल 'सॉल्सबरी हिल'पेक्षाही इथे जास्त आहे. इथे पहिली बाजू संपते.

दुसरी बाजू पडेल आहे, स्पष्टच सांगतो. 'स्लोबर्न' ठीक. 'वेटिंग फॉर द बिग वन' सव्वासात मिनिटांचा संथ ब्लूज, आणि ब्लूज हा गेब्रिएलचा गळा नव्हे. वाट बघण्यावरचं गाणं इतकं ताणलंय की ऐकणाराही वाट बघत बसतो. गिटारवाले मात्र मनसोक्त वाजवून घेतात. 'डाउन द डोल्चे व्हिटा'मध्ये लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा आणि रॉक बँड एकमेकांच्या अंगावर धावून जातात. वाद्यवृंदाची रचना मायकेल गिब्जची आणि सुटी ऐकली तर चांगलीच, पण दोघांना एकाच खोलीत कोंडल्यासारखं झालंय.

मग येतं शेवटचं, 'हिअर कम्स द फ्लड'. या अल्बमातली सगळ्यात मोठी रचना आणि सगळ्यात मोठी हळहळ. सुरुवातीला आवाज एकटा, जवळ, थोडा खरखरीत. बडोद्याच्या दरबारात फैयाज खाँसाहेबांचा भरदार गळा ज्यांच्या आजोबांनी ऐकला, त्यांना सुराच्या काठावरची ती खरखर खटकणार नाही. अर्थ तिथेच असतो. पण ध्रुवपद आलं की गिटारी, ड्रम, ऑर्केस्ट्रा सगळं एकदम कोसळतं आणि गाणारा त्याच्याखाली गाडला जातो. गेब्रिएललाही हे रुचलं नव्हतं. फ्रिपच्या १९७९ च्या 'एक्स्पोजर' अल्बमात त्याने तेच गाणं पियानोवर जवळजवळ उघडं गायलं, आणि १९९० च्या 'शेकिंग द ट्री' या संग्रहासाठी पुन्हा एकदा नुसता पियानो आणि आवाज घेऊन. आधी 'एक्स्पोजर'मधलं ऐका, मग या अल्बमातलं. उलट क्रमाने ऐकलंत तर गाण्याची ताकद कळायला उगाच उशीर होतो.

रेकॉर्डवर या गाण्याचं आणखी एक दुखणं आहे, आणि त्यात गायकाचा दोष नाही. पहिली बाजू सुमारे १९ मिनिटांची, दुसरी साडेबावीस. बाजू लांब म्हणजे खाचा दाटीवाटीने. त्यातून ३३⅓ च्या वेगाने फिरणाऱ्या बारा इंची रेकॉर्डवर बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर रेघ जाते, तर आत लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढ्याच वेळाचं संगीत निम्म्याहून कमी जागेत. नेमकं तिथेच हे गाणं, त्यातला ऑर्केस्ट्रा आणि सगळ्यात चढा आवाज. सुई साधी असेल किंवा नीट बसवलेली नसेल तर 'स', 'श' फाटतात, झांजा किसल्यासारख्या वाजतात आणि लोक रेकॉर्ड खराब निघाली म्हणून परत पाठवतात. आधी आपलं यंत्र तपासा. सुईचा दाब कंपनीने सांगितलेला ठेवा; ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई सारख्या साध्या कार्ट्रिजला (सुई जिच्यात बसते त्या डबीला) तो २ ग्रॅम आहे, १.८ ते २.२ च्या आत. रेकॉर्ड जपायची म्हणून दाब कमी केला तर सुई खाचेत उड्या मारते आणि उलट जास्त झीज करते. मग कार्ट्रिजचा कोन कागदी मापपट्टीवर जुळवा. एवढं करूनही फाटत असेल तर ४५ च्या वेगाची दोन रेकॉर्डची आवृत्ती आहे, तिच्यात गाणी चार बाजूंवर सैल पसरली आहेत आणि शेवटचं गाणं मोकळा श्वास घेतं. फक्त यंत्राचा वेग ४५ वर करायला विसरू नका. ३३ वर गेब्रिएल झोपेत बरळल्यासारखा वाजतो.

ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांनी या एका अल्बमासाठी घेऊ नये. सीडी किंवा स्ट्रीमिंगवर आतल्या खाचेची भानगडच नाही. 

रेकॉर्ड मागवायचीच तर एप्रिल-मे टाळा. बडोद्यात पारा ४३-४४ ला टेकतो, आणि बंद गाडीतलं तापमान त्याच्या कितीतरी वर जातं. रेकॉर्डचं प्लॅस्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, एकदा वाकली की सरळ होत नाही. घरातही गच्चीखालच्या माळ्यावर नको. उभी ठेवा, एकमेकींवर आडव्या रचू नका.

आणि पावसाळ्याचं. त्या शेवटच्या गाण्यातला पूर पाण्याचा नाही. माणसांची मनं एकमेकांना उघडी पडली, मनातलं काहीच लपून राहिलं नाही तर काय होईल, त्याचा तो पूर. पण ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी घरात शिरलेली ज्यांनी पाहिली, रस्त्यावर मगर पाहिली, त्यांना ते ध्रुवपद इतक्या अलिप्तपणे ऐकता येईल असं वाटत नाही. समा, फतेहगंज, कारेलीबाग अशा भागांत तळमजल्यावर राहणाऱ्यांनी रेकॉर्डचं कपाट जमिनीपासून चार फूट वर घ्यावं हे उत्तम.

भिजल्याच तर घाबरू नका, प्लॅस्टिकला पाण्याने काही होत नाही. नुकसान करतो गाळ आणि कागद. पहिल्याच दिवशी रेकॉर्ड आतल्या कागदी पाकिटातून बाहेर काढा, कारण कागद वाळला की खाचांना असा चिकटतो की सोडवताना ओरखडे उठतात. गाळ पुसू नका, रेती खाचा कापते. वाहत्या पाण्याखाली धरा, लेबलावर हाताचा तळवा ठेवून. मग डिस्टिल्ड वॉटरच्या चार भागांत एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब घालून मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने गोल फिरवा, शेवटी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने विसळा आणि सावलीत उभी वाळवा. कव्हर वेगळं, दोन टीपकागदांमध्ये, वरून वजन. हिपनोसिसचे थेंब वाचतील, घडीवरचा डाग राहील.

एक मात्र लक्षात ठेवा. त्याच कपाटात आजोबांच्या ७८ च्या रेकॉर्ड असतील, नाट्यपदांच्या वगैरे, तर हे मिश्रण त्यांना चुकूनही लावू नका. त्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. गेब्रिएल पुन्हा मागवता येईल.